न आखलेली तार

लाउव्हमोएन
रविवार, २१ एप्रिल

प्रिय इल्व्हा,

इकडे सगळं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. चार वेळा फोन केला, चारही वेळा नुसता वाजत राहिला. म्हणून कागद. फोन उचलला नाही तरी चालतो, दारात पडलेला कागद मात्र उचलावा लागतो, निदान फेकून द्यायला तरी.

ट्रोनहाइमची थंडी कमी झाली का? शाळेतली पोरं गणितात त्रास देतात का? मला वाटतं तूच त्यांना देत असशील. इथे धावपट्टीवरचा बर्फ गेल्या आठवड्यात गेला. गवत अजून ओलं आहे, चाकं रुततात, पण तुझे बाबा ऐकतील तर शपथ. काल विमानाला साबण लावून आंघोळ घातली. मी म्हटलं, "टोरमोड, बायकोला एवढं जपलं असतंस तर ती ओस्लोला गेली नसती." तर म्हणतो, "विमान उलटून बोलत नाही, आर्नफिन."

तुझी आजी मजेत आहे. दर रविवारी दहा वाजता बोर्गहिल्डबाई ट्रोंगाच्या खाडीकाठच्या घरात खिडकीशी बसते, तुझे बाबा वरून जाताना पंख हलवतात, आणि ही अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई भांडी पुसायचं फडकं हलवून उत्तर देते. एक रविवार चुकला की सोमवारी सकाळी मला फोन. माझ्या मुलाला तुम्ही का अडवलंत, म्हणे! मी कोण अडवणार त्याला?

रविवारी आपल्या विमान क्लबात वॉफल करायचं काम अजून माझ्याकडेच आहे. यंदा अख्ख्या हिवाळ्यात वीज एकदाही गेली नाही. नवी जोडणी झाल्यापासून वॉफलचं यंत्र कसं झकास तापतं, पूर्वीसारखं अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं होत नाही. ते असो.

आता ज्या गोष्टीवरून तू क्लब सोडलास तिची बातमी. निळं सॉफ्टवेअर सगळ्या एकतीस सभासदांच्या टॅबलेटवर चढलं. स्टाइनारला शिकवायला मला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दिवशी त्यानं कुठे बोट दाबलं कुणास ठाऊक, त्याचं विमान आइसलँडला निघालं. "इंधन पुरणार नाही असं म्हणतंय," हा मला सांगतो. मी म्हटलं, "हुशार आहे, तुझ्यापेक्षा."

गंमत सोड, पण निळं चांगलं आहे. अक्षरं मोठी, नकाशा स्वच्छ. कुठून कुठे जायचं ते सांगितलं की वारा, इंधन, ढगांची उंची, सगळं बघून वाट आखून देतं. आणि ढग खाली असतील तर डोंगरावरून न नेता खाडीखाडीनं नेतं. तुझं लाल सॉफ्टवेअर वाईट होतं असं मी कधीच म्हटलं नाही. त्यात सरकारी यादीतल्या सगळ्या विजेच्या तारा आपोआप येतात हे खरं, पण नकाशा असा दिसायचा की ताटलीत शेवया सांडल्यात. निळ्यात तारा आपल्या आपण भरायच्या असतात. भरल्या मी. भिंतीवरच्या नकाशातल्या एकेचाळीसच्या एकेचाळीस तारा, एक एक करून, मार्चचे दोन आठवडे खर्च करून. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते काही सोपं नव्हतं.

तो भिंतीवरचा नकाशा मात्र आता कुणी बघत नाही. पूर्वी उडण्याआधी त्यावर दोरा ताणून वाट दाखवावी लागायची, दुसऱ्या कुणीतरी ती तपासायची आणि वहीत सही करायची. दुसरा डोळा. बहुतेक वेळा तो मीच. आता लोक घरी अंथरुणात बसून टॅबलेटवर वाट ठरवतात आणि थेट विमानापाशी येतात. वही फेब्रुवारीपासून कोरी आहे.

फेब्रुवारीच्या सभेबद्दल. आपल्या अध्यक्षीणबाई योरुन म्हणतात की मी तुझी माफी मागावी. मागतो. योरुननं सॉफ्टवेअर निवडायला आपल्या दोघांची समिती केली, एक म्हातारा आणि एक तरुण, आणि म्हाताऱ्यानं तरुणाला बोलू दिलं नाही, हे बरोबर झालं नाही. तू पडद्यावर लाल नकाशा लावलास, ट्रोंगाच्या वळणावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "आर्नफिनकाका, इथे तार दिसते आहे. तुमच्या नकाशात का नाही?" प्रश्न साधा होता. मी म्हणालो, "पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून या तारा मी आखतोय. तार कुठे आहे ते आता हे यंत्र मला शिकवणार?" लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं तुझे बाबा हसले. ते त्यांनी करायला नको होतं. तू क्लबाची किल्ली टेबलावर ठेवून गेलीस तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, तू नाही पाहिलास.

झालं ते झालं. उन्हाळ्यात ये. वॉफल, तपकिरी चीज, आणि आजीनं केलेला क्लाउडबेरीचा मुरंबा, तीन बरण्या शिल्लक आहेत.

हो, सहज आठवलं म्हणून विचारतो. त्या दिवशी तू लाल नकाशाचं एक पान छापून आणलं होतंस, ट्रोंगाच्या वळणाचं. ते अजून आहे का तुझ्याकडे? घाई नाही. नुसतं कुतूहल.

तुझा,
तारांचा आर्नफिन


लाउव्हमोएन
शनिवार, १८ मे

प्रिय इल्व्हा,

तुझं पाकीट मिळालं. उत्तर आलं हे पाहूनच मी पत्रपेटीपाशी उभ्या उभ्या फोडलं, घरात जाईपर्यंत धीर निघाला नाही. तुझी तब्येत, शाळा, हवा, काही म्हणजे काही लिहिलेलं नाहीस. छापलेलं पान, त्यावर ट्रोंगाच्या वळणाभोवती पेनानं केलेलं गोल, आणि खाली तीन ओळी. अगदी वडिलांवर गेली आहेस.

काल सतरा मेची, राष्ट्रीय दिनाची मिरवणूक झाली. पाऊस होता, तरी पोरांचा बँड वाजत गेला. तुतारीवाल्याच्या तुतारीत पाणी शिरलं, राष्ट्रगीत गुळण्या करत म्हटल्यासारखं ऐकू आलं. तुझी आजी चाकाच्या खुर्चीत, छातीवर जुना चांदीचा ब्रोच, अंगावर घोंगडी. मला बघून म्हणाली, "आर्नफिन, तू वाळलास. काही खात नाहीस का?" तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी क्लबाचं श्रमदान होतं. भिंती रंगवल्या, पन्हाळी साफ केल्या, स्टाइनार शिडीवरून पडला पण चिखलात, म्हणून काही मोडलं नाही. रंगासाठी भिंतीवरचा नकाशा उतरवला. मी स्वतःच उतरवला. मनात होतं की उतरवलाच आहे तर एकदा सगळा नीट करावा, लाल पेन्सिल खिशातही होती. तेवढ्यात तुझे बाबा काठीनं रंगाचा डबा वाजवायला लागले. सगळे गोळा झाले. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली पितळी पाटी काढली आणि भाषण ठोकलं. टोरमोड आणि भाषण! म्हणाले, "तेवीस वर्षांत या नकाशावर उडून आपल्यातला एकही माणूस तारेत अडकला नाही. तो नकाशा आता टॅबलेटमध्ये गेला, पण हात आर्नफिनचाच आहे. म्हणून माझी पोरगी रागावली तरी मी निळ्याच्या बाजूनं मत दिलं." पाटीवर माझं नाव आणि 'तारांचा राखणदार' असं कोरलं आहे. नकाशा परत टांगला, त्याच्याखाली ती पाटी ठोकली, आणि टाळ्या झाल्या. मला रडू आलं. लोकांना वाटलं आनंदानं आलं.

ते असो.

तुझ्या तीन ओळी. तू लिहितेस की बाबांना तू त्या सभेनंतर वळणावरच्या तारेबद्दल सांगितलं होतंस, त्यांनी हसण्यावारी नेलं. आता तुमचं बोलणं बंद आहे, ते फक्त माझं ऐकतात, म्हणून मीच त्यांना सांगावं. आणि सांगितलं की नाही एवढं कळवावं, म्हणजे तुझ्या जिवाला स्वस्थता.

इल्व्हा, त्याची काळजी करू नकोस. ते झालंच म्हणून समज.

रोज अंडं खा. तिकडे एकटीनं राहतेस, पाव आणि कॉफीवर दिवस काढतेस हे मला माहीत आहे.

तुझा, आणि पाटीनुसार तारांचासुद्धा,
आर्नफिन


लाउव्हमोएन
सोमवार, १० जून

इल्व्हा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू बहुतेक इथेच, आजीच्या घरी असशील. म्हणून तिथेच योरुनच्या हाती धाडतो. समोर येऊन सांगायला हवं. मी सकाळी दोनदा त्या रस्त्याला लागलो आणि दोनदा गाडी वळवली. तेव्हा आधी कागद. वाचून झाल्यावर तू बोलावशील तर येईन, बोलावलं नाहीस तरी समजेन.

पोलिसांनी काल तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण फोन करताना ते क्लबातच उभे होते. टोरमोडचं विमान सकाळी ट्रोंगाच्या वळणावर विजेच्या तारेला धडकलं, खाडीत पडलं, आणि टोरमोड गेला. हे सगळं खरं आहे. त्यांनी हेही सांगितलं असेल की ढग खाली होते आणि ती तार नकाशात नव्हती. नकाशात का नव्हती हे त्यांना काल माहीत नव्हतं.

तुझ्या मनात एक प्रश्न आला असणार. क्लबाच्या यादीतून तुझं नाव कुणी काढलेलं नाही, त्यामुळे काल सकाळी तुझ्याही फोनवर निळ्याचा संदेश आला असेल: 'आर्नफिन यांनी नवी तार नोंदवली, ट्रोंगा, वळण. वेळ ९.५६.' आणि 'झालंच म्हणून समज' असं लिहिलेलं माझं पत्र तर तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. तुझं गणित चांगलं आहे, तुझ्या लक्षात आलंच असेल. तर पहिल्यापासून सांगतो, आणि या वेळी 'ते असो' म्हणणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात वीज कंपनीचं पत्र आलं. जुनी तार काढली, नवी तार वळणावरून टाकली, लाउव्हमोएन आणि ट्रोंगा मिळून एकवीस घरांना आणि क्लबाला आता तिच्यावरून वीज येईल. उंची कमी, म्हणून वैमानिकांना लांबून दिसावेत असे खुणेचे गोळे तिला नाहीत. सोबत नकाशा. माझं डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं, बारीक अक्षर दिसत नव्हतं. डोळा बरा झाला की आखू म्हणून पत्र घरी कॉफीच्या डब्यामागे खोचलं आणि साफ विसरलो. एवढंच असतं तर त्याला चूक म्हटलं असतं. म्हाताऱ्या माणसाची चूक.

पण फेब्रुवारीत तू वळणावर बोट ठेवलंस. मी सगळ्यांसमोर तुझं हसं केलं, घरी गेलो, कॉफी करायला डबा उचलला आणि मागून ते पत्र खाली पडलं. म्हणजे ज्या संध्याकाळी तू गेलीस त्याच संध्याकाळी मला कळलं होतं की तुझं बरोबर आहे. तेव्हा फोन उचलून सांगितलं असतं तर लोक मलाही हसले असते, बस, एवढंच झालं असतं. मला ते सोसवलं नाही. तू ज्या तोऱ्यात किल्ली ठेवून गेलीस त्याचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? म्हटलं, जरा लोक ती सभा विसरू देत, मग गुपचूप आखू.

निळ्यात तारा भरताना एकेचाळीस झाल्यावर बेचाळिसावी भरायला घेतली होती. सगळं लिहिलं. शेवटी निळं विचारतं की ही नोंद सगळ्या सभासदांना कळवू का. नाही म्हणायची सोयच नाही, हो म्हणा नाहीतर नोंद रद्द. पहिल्या एकेचाळीस जुन्याच होत्या, संदेश गेले तर कुणाला त्यात काही वाटलं नाही. ही गेली असती तर प्रत्येकाच्या फोनवर माझं नाव, ट्रोंगाचं वळण, आणि सगळ्यांना सभा आठवली असती. मी रद्द दाबलं.

गंमत बघ, मी लाल सॉफ्टवेअर नाकारलं ते शेवयांसाठी नाही, अक्षरांसाठीही नाही. सभेच्या दिवशी ते आवडलं नव्हतं हे खरं. पण मतदान आठवड्यानं झालं, आणि तोवर मला कळलं होतं. लाल घेतलं असतं तर ती तार रोज एकतीस टॅबलेटवर दिसली असती. मी घरोघरी फोन करून निळ्यासाठी मतं गोळा केली. तुझ्या बाबांचंसुद्धा.

मग श्रमदान आणि पाटी. ते तुला लिहिलं आहे. खिशातली पेन्सिल खिशातच राहिली. मग तुझं पान आलं, तुझ्या तीन ओळी आल्या, आणि मी लिहिलं ते लिहिलं. लिहिताना मला खरंच वाटत होतं की येत्या रविवारी सांगेन. त्या रविवारी तुझे बाबा खूप खुशीत होते. पुढच्या रविवारी ढग इतके खाली होते की कुणी उडालंच नाही, मला सुटल्यासारखं झालं. मी देवाचे आभारही मानले. अशा गोष्टीसाठी आभार!

कालचं. काल सांगायचंच असं ठरवून मी गेलो होतो. अकरा वाजता सगळे कॉफीला बसले की उभं राहायचं, पत्र दाखवायचं, आणि एकदाच सगळं बोलून टाकायचं. टोरमोडला एकट्याला आधी सांगण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्याच्या एकट्याच्या डोळ्यांत बघून सांगायची हिंमत नव्हती.

तो साडेनऊला आला. ढग डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरलेले. मी म्हटलं, "टोरमोड, आज राहू दे की. कॉफी घे, जरा बोलायचं होतं."

"आल्यावर बोलू. अकरानंतर पाऊस येतोय, त्याआधी आईला पंख दाखवून येतो. नाहीतर उद्या तुलाच फोन."

"ढग खाली आहेत."

"म्हणून तर खालून जातो. निळ्यानं मस्त वाट काढून दिली आहे." आणि त्यानं टॅबलेट माझ्यासमोर धरला. हसत होता. "बघ रे दुसरा डोळा. वही कोरी पडली म्हणून रडत असतोस ना? घे, कर सही, आज जुन्या पद्धतीनं जाऊ."

योरुन तिथेच कप मांडत होती, स्टाइनार होता, आणखी दोघं होते. सगळे बघत होते. भिंतीवर नकाशा, खाली माझी पाटी. टॅबलेटवर वाट खाडीच्या तोंडातून आत शिरून वळणावरून गेलेली, पाण्यापासून दीडशे फुटांवर. मला ती स्वच्छ दिसली, इल्व्हा. डोळे आता चांगले आहेत.

मी म्हणालो, "ठीक आहे." आणि वहीत सही केली.

तो म्हणाला, "माझं वॉफल ठेव. चीज जास्त." आणि गेला.

इंजिनाचा आवाज धावपट्टीच्या टोकाला गेला तेव्हा कुठे मी जागचा हललो. रेडिओवर गेलो, तीनदा हाक मारली. डोंगराआड गेला की ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी मारत राहिलो. मग फोन काढला, निळं उघडलं, बेचाळिसावी तार लिहिली आणि हो दाबलं. नऊ छप्पन्न. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. ट्रोंगात नेटवर्क नाही, त्याचा टॅबलेट वाजलाच नसणार. योरुननं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आर्नफिन, हे काय? ही तार कधीची?"

मी वॉफलच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो आणि पीठ ओतलं. काय करावं सुचत नसलं की माणूस हाताला सवय असलेलं काम करतो. दहा वाजून सात मिनिटांनी यंत्राचा दिवा गेला. छतावरचा दिवा गेला, फ्रिजचा आवाज थांबला. स्टाइनार म्हणाला, "फ्यूज उडाला वाटतं." मी घड्याळ बघत होतो. मला माहीत होतं की फ्यूज नाही.

दहा मिनिटांनी तुझ्या आजीचा तिच्या जुन्या लँडलाइनवरून फोन आला. "आर्नफिन, टोरमोड आज आला नाही. आवाज ऐकला वळणापर्यंत, मग काहीच नाही. आणि घरातली वीज गेली आहे. तुम्ही त्याला अडवलंत का?"

मी फोन योरुनच्या हातात दिला.

बचाव पथकाचं हेलिकॉप्टर, बोटी, पुढचं तू ऐकलं आहेस. संध्याकाळी वीज कंपनीची माणसं दुसरीकडून वीज घेऊन आली आणि क्लबातले दिवे आपोआप लागले. यंत्रात सकाळचं पीठ तसंच होतं. ते तापून करपायला लागलं, तेव्हा कुणीतरी वायर ओढली.

हे सगळं मी आज दुपारी पोलिसांना सांगणार आहे. कंपनीचं पत्र, वही, आणि तू पाठवलेलं पान त्यांना देणार आहे. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. पाटी मी काढली, तिचे खिळे भिंतीत राहिले आहेत. भिंतीवरच्या नकाशावर वळणावरची तार अजून नाही. ती आखायला माझा हात जात नाही, आणि आता तो जाऊही नये.

तुझे बाबा तुझ्यावर रागावलेले नव्हते. तुझी किल्ली ते स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घेऊन फिरायचे. उन्हाळ्यात तू आलीस की देणार होते. ती त्यांच्या खिशात सापडेल, मागून घे.

क्षमा मागत नाही. तू तीन ओळी लिहिल्या होत्यास, एका माणसाला सांगा म्हणून. फक्त एका. झालंच म्हणून समज असं मी तुला कळवलं, आणि तू माझ्या शब्दावर स्वस्थ राहिलीस. झालं नव्हतं.

आर्नफिन